अंजिलीवरची आमरी : सीतेच्या वेणीचा कागदोपत्री इतिहास आणि ती लावण्याची रीत

ॲमस्टरडॅमला १६९३ साली ‘होर्तुस मलबारिकुस’ या ग्रंथाचा बारावा आणि शेवटचा खंड छापला गेला. त्यातलं पहिलंच चित्र एका आमरीचं आहे. पट्ट्यासारखी लांब पानं आणि खाली लोंबणारा फुलांचा भरगच्च घोस. आपल्याकडे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, गोव्यात सत्तरी-सांग्यापासून वर चोर्ला, खानापूर, आंबोलीपर्यंत पावसाच्या तोंडावर जी ‘सीतेची वेणी’ फुलते, तीच ही. शास्त्रीय नाव रिंकोस्टायलिस रेट्युसा. आसामात हिला कोपौ फूल म्हणतात, बिहूच्या नाचात मुली ती केसांत माळतात, आणि आसाम व अरुणाचल अशा दोन राज्यांचं ते राज्यफूल आहे. आपल्याकडे मात्र बहुतेकांच्या तोंडी तिला एकच शब्द येतो : बांडगूळ.

या शब्दाकडे पुढे येतोच. आधी त्या चित्राखालच्या नावाविषयी. ग्रंथात नाव दिलंय ‘अन्स्येली मरवर’. डच मंडळींनी आपल्या कानाला ऐकू आलं तसं ते रोमी अक्षरांत उतरवलं. मूळ मल्याळम शब्द अंजिली मरवाळ. अंजिली म्हणजे आपला पातफणस, काही ठिकाणी रानफणस म्हणतात तो. ‘मर’ म्हणजे झाड आणि ‘वाळ’ म्हणजे केळ. थोडक्यात, अंजिलीवर वाढणारी झाडकेळ. याच खंडातल्या आणखी एका आमरीचं नाव ‘कान्सिराम मरवर’ आहे. कांजिरम म्हणजे कुचला, गोव्यात ज्याला काजरो म्हणतात. म्हणजे मलबारातल्या माणसांनी आमरी ओळखताना तिचं फूल पाहिलंच, पण ती कुठल्या झाडावर बसते हेही नावातच नोंदवून ठेवलं. मी पेशाने इंजिनिअर, त्यामुळे मला हे फार भावतं. यंत्राच्या नावातच ते कुठल्या पायावर बसवायचं हे लिहून ठेवल्यासारखं आहे. आजच्या लेबलांवर फुलाचा रंग असतो, पाय कुठला हे नसतं.

आता हा ग्रंथ कसा झाला. हेंड्रिक आड्रियान फान रीड तोत ड्राकेनस्टाइन हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. डचांनी १६६३ च्या जानेवारीत पोर्तुगीजांकडून कोची घेतलं, त्या मोहिमेत तो होता, आणि पुढे १६७० ते १६७७ मलबारचा कमांडर झाला. कंपनीच्या दवाखान्यांना औषधं युरोपातून बोटीने येत. त्यांतली कित्येक मुळात आपल्याच किनाऱ्यावरून तिकडे गेलेली असत, आणि परत येईस्तोवर कुजलेली. रीडने ठरवलं की इथल्या वनस्पतींची इथल्याच जाणकारांकडून माहिती घ्यायची. प्रवासात त्याने पाहिलेल्या रानांचं वर्णन त्याने प्रस्तावनेत केलंय : एकेका झाडावर दहा-दहा, बारा-बारा प्रकारची पानं, फुलं, फळं दिसत. हे वाचलं की मला वाटतं, याने नक्की आमऱ्याच पाहिल्या असणार. एका झाडावर बारा प्रकारची पानं दुसऱ्या कशाने दिसतील?

जाणकार कोण? इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य, आणि त्याच्याबरोबर तिघे कोकणी ब्राह्मण वैद्य : रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट. आपल्या मंडळाच्या वाचकांसाठी ही तीन नावं महत्त्वाची. पोर्तुगीज अमदानीत सोळाव्या शतकात गोव्यातून जी सारस्वत कुटुंबं दक्षिणेकडे गेली आणि कोचीला स्थिरावली, त्या समाजातले हे. घरात कोकणी, औषधीविद्या संस्कृत निघंटूंची, आणि पायाखालची जमीन मलबारची. या तिघांनी दिलेला दाखला पहिल्या खंडात, १६७८ साली, जसाच्या तसा छापला आहे. भाषा कोकणी, लिपी नागरी, तारीख एप्रिल १६७५ ची. दाखल्यात त्यांनी आपण काय काम केलं ते सांगितलंय. अच्युतनचा दाखला वेगळा, मल्याळममध्ये. ग्रंथातल्या अनेक चित्रांवरही वनस्पतीचं नाव रोमी, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा चार लिप्यांत आहे.

तारखेवर जरा थांबू या. एप्रिल १६७५ म्हणजे शके १५९७ चा प्रारंभ. रायगडावरच्या राज्याभिषेकाला वर्ष व्हायचं होतं, आणि त्याच एप्रिल-मे महिन्यांत महाराजांचं सैन्य फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घालून होतं. इकडे फोंड्याला सुरुंग लावले जात होते आणि तिकडे कोचीला, गोव्यातूनच गेलेल्या घराण्यांतले तीन वैद्य वनस्पतींच्या दाखल्यावर सही करत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काहीच नाही, पण आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत पहिली पानंच्या पानं भरून असते आणि दुसरीला ओळही मिळत नाही.

नागरीच्या छपाईविषयीही एक खुलासा. छापील पुस्तकात नागरी प्रथम याच दाखल्यात आली असं कधी कधी लिहिलं जातं. ते बरोबर नाही. अथानासिउस किर्खरच्या ‘चायना इलुस्त्राता’ या १६६७ च्या पुस्तकात नागरी अक्षरमाला आधीच आली होती. दोन्हीकडे अक्षरं खिळ्यांची नव्हेत, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली. पण किर्खरकडे आहेत ती मुळाक्षरं आणि पाठ म्हणून उतरवलेला मजकूर. इथे तीन जिवंत माणसं स्वतःच्या भाषेत स्वतःच्या कामाबद्दल बोलतायत. फरक मोठा आहे.

एक गोष्ट मात्र दाखल्यांत सापडत नाही. अंजिली हे उंच वाढणारं झाड. जुनं झाड तीस-चाळीस मीटर जातं. त्यावरची आमरी खाली कोणी आणली? वैद्य स्वतः चढले नसणार. चढणाऱ्यांची नावं कोणी लिहिली नाहीत.

रीड पुढे कंपनीचा मोठा अधिकारी होऊन पुन्हा हिंदुस्थानात आला आणि १६९१ च्या डिसेंबरात कोचीहून सुरतेला जाताना बोटीवरच वारला. सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची भव्य कबर आहे. वडोदऱ्याच्या मंडळींना एका दिवसात पाहून येण्यासारखी. म्हणजे आपली आमरी ज्या बाराव्या खंडात आहे, तो त्याने पाहिलाच नाही.

यानंतर साठ वर्षांनी, १७५३ साली, स्वीडनमध्ये बसून लिनीयसने ‘स्पीशीज प्लांटारुम’ लिहिलं. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नाही. त्याने या आमरीचं नाव ठेवलं एपिडेंड्रम रेट्युसम, आणि आधार म्हणून निर्देश केला तो रीडच्या बाराव्या खंडातल्या पहिल्या चित्राचा. ‘एपिडेंड्रम’ म्हणजे झाडावरचं, ‘रेट्युसम’ म्हणजे टोक बोथट असलेलं. पानाच्या टोकाला जणू कुणी कुरतडल्यासारखी खाच असते, तिच्यावरून. १८२५ मध्ये जावा बेटावर काम केलेल्या ब्लूमने हिच्यासाठी रिंकोस्टायलिस ही स्वतंत्र प्रजाती केली. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ चोचीसारखा स्तंभ. फुलाच्या मधला भाग भिंगातून पाहा, चोच दिसते. आता साखळी लक्षात घ्या : आज जगात कुठेही कोणी ‘रेट्युसा’ म्हणतो तेव्हा तो शब्द लिनीयसमार्फत, त्या चित्रामार्फत, कोचीतल्या त्या चार वैद्यांच्या बैठकीपर्यंत जाऊन पोचतो. आणि ‘अंजिली’ हा पत्ता मात्र वाटेत गळून पडला.

या ग्रंथावर सर्वांत मोठं काम केलं ते कालिकतच्या प्रा. के. एस. मणिलाल यांनी. लॅटिन शिकून, वनस्पती पुन्हा जागेवर जाऊन शोधून, त्यांनी बाराही खंडांचं इंग्रजी भाषांतर केलं. केरळ विद्यापीठाने ते २००३ मध्ये छापलं, मग मल्याळमही. मराठीत अजून झालेलं नाही. निदान पहिला आणि बारावा खंड तरी व्हावा असं मला वाटतं.

आता बांडगूळ. बांडगूळ हे परोपजीवी असतं. ते झाडाच्या सालीत मूळ घुसवून रस ओढतं. आमरी तसं काही करत नाही. ती फक्त बसायला जागा घेते. तिचं अन्न तिची हिरवी पानं तयार करतात आणि पाणी तिची मुळं हवेतून, पावसातून घेतात. पण गोंधळ जुना आहे. संस्कृतात ‘वन्दा’ हा शब्द अशा झाडावर वाढणाऱ्या, मुख्यतः परोपजीवी वनस्पतींना वापरला जाई. कलकत्त्याला विल्यम जोन्सने १७९५ च्या सुमारास एका आमरीला हाच शब्द लावला, पुढे रॉबर्ट ब्राउनने तो प्रजातीचं नाव म्हणून पक्का केला, आणि आज जगभर ‘वँडा’ म्हणून जी महागडी आमरी विकली जाते तिचं नाव मुळात एका अर्थी बांडगूळच आहे. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. आंब्याच्या छाटणीला माणूस झाडावर चढतो तेव्हा मालक खालून ओरडतो, ‘ती बांडगुळं पण काढ रे सगळी!’ आणि बांडगुळांबरोबर वीस वर्षांच्या सीतेच्या वेण्या कोयत्याने खाली येतात. मी हे आमच्या वाड्यावरच तीन-चार बागांत पाहिलंय.

युरोपात ही आमरी नेली गेली तेव्हा तिचे वेगळेच हाल झाले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये समजूत अशी की उष्ण कटिबंधातली वनस्पती म्हणजे भट्टीसारखी उष्णता, कोंदट वाफ आणि बंद काचा. विटांच्या धुरांड्यांनी तापवलेल्या काचघरांत हजारो आमऱ्या उकडून आणि कुजून मेल्या. डेव्हनशरच्या ड्यूकने जॉन गिब्सन या माळ्याला हिंदुस्थानात पाठवलं, तो १८३७ मध्ये खासी टेकड्यांतून आमऱ्यांचा मोठा साठा घेऊन परतला. त्याच ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्सटन. पुढे लंडनचा क्रिस्टल पॅलेस बांधणारा तो हाच. त्याने काचघरात हवा खेळती ठेवली, तापमान उतरवलं, आणि रोपं जगू लागली. माझ्या मते आमरी लावण्याच्या इतिहासातला खरा शोध हाच : हवा. पाणी सगळेच घालतात.

बियांची गोष्ट आणखी निराळी. एका बोंडात धुळीसारखं लाखो बी असतं, पण त्यात बाळाला पोसणारा अन्नसाठाच नसतो. ते रुजायला एका बुरशीची सोबत लागते. फ्रान्सच्या नोएल बर्नारने १८९९ मध्ये हे ओळखलं. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसनने दाखवलं की बुरशीऐवजी साखर घातलेल्या आगार जेलीवरही बी रुजतं. आज बाटलीतली रोपं मिळतात ती या वाटेने. म्हणून रानातून ओरबाडून आणायची गरज शंभर वर्षांपूर्वीच संपली आहे. तरीही पावसाळ्यात घाटरस्त्याला टोपल्यांत बांधलेल्या वेण्या विकायला असतात. शहरातल्या एका रोपवाटिकेने मला ‘बाटलीतलं’ म्हणून दिलेल्या रोपाच्या मुळांना चक्क ऐनाच्या सालीचे तुकडे चिकटलेले होते! असं दिसलं की घेऊ नका. जवळजवळ संपूर्ण आमरी कूळ साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि अभयारण्यातून रोप उचलणं हा गुन्हाच आहे. वादळात फांदी पडली, रस्त्यासाठी झाड तोडलं, तर तिथली रोपं वाचवता येतात, पण वनखात्याला विचारून.

तर लावायची कशी. वेळ पहिली : मे अखेर ते मृगाचा पाऊस. या दिवसांत मुळांची टोकं हिरवी होऊन वाढू लागतात. जुनी मुळं नव्या सालीला चिकटत नाहीत, चिकटतं ते फक्त वाढणारं टोक. श्रावणानंतर लावलं तर रोप वर्षभर नुसतं लटकत राहतं. एकदा बसलं की पुन्हा हलवू नये. या जातीला मुळं दुखावलेली अजिबात चालत नाहीत, दोन-दोन वर्षं ती रुसते.

झाड कुठलं? इथे मला कोचीच्या वैद्यांचा पत्ता उपयोगी पडला. पातफणस असेल तर उत्तमच, नाहीतर फणस, आंबा, ऐन. साल खरबरीत हवी, टिकाऊ हवी. पेरू आणि निलगिरीची साल सुटते, तिच्याबरोबर मुळंही सुटतात. जमिनीपासून दोन-अडीच मीटरवर, पूर्वेकडच्या अंगाला, जिथे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी पानांची सावली असेल अशी फांदी निवडा. अंगणात झाड नसेल तर जांभा-चिऱ्याच्या भिंतीला टांगलेला सागाचा किंवा फणसाचा ओंडका चालतो, किंवा कोळशाचे मोठे तुकडे घातलेली लाकडी पट्ट्यांची टोपली. माती मुळीच नको. नारळाची सोडणं गोव्यातली मंडळी हमखास वापरतात, पण आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि तो चार महिन्यांत. सोडण स्पंजासारखं भिजून राहतं आणि दुसऱ्या पावसात मुळांसकट कुजतं. सोडणं कोरड्या गावांसाठी ठेवा.

बांधायला जुन्या सुती लुगड्याची पट्टी सर्वांत बरी. वर्षभरात ती कुजून पडते, तोवर मुळांनी पकड घेतलेली असते. काथ्याही चालेल. तांब्याची तार किंवा जस्ताचा मुलामा दिलेली तार नको. ते धातू पावसाच्या पाण्याबरोबर उतरून मुळं जाळतात. रोप सरळ उभं बांधू नये, जरा कलतं बांधावं, म्हणजे मधल्या गाभ्यात पाणी साठत नाही. या आमरीला वाढीचं टोक एकच असतं. तो गाभा कुजला की वरची वाढ थांबली. नशीब असेल तर बुंध्यापाशी पिल्लू फुटतं.

पाण्याची परीक्षा मुळंच सांगतात. मुळाभोवती पांढुरक्या, मेलेल्या पेशींचा जाड थर असतो. तो टिपकागदासारखं पाणी ओढतो आणि हळूहळू आतल्या मुळाला देतो. भिजला की पारदर्शक होऊन आतला हिरवा रंग दिसतो, वाळला की चांदीसारखा. मुळं चांदीची झाली की पाणी द्या, हिरवी असतील तर देऊ नका. मीटर वगैरे काही लागत नाही. उन्हाळ्यात सकाळी एकदा, फार तापलं तर दिवस मावळायच्या बऱ्याच आधी पुन्हा एकदा. रात्र पडताना पानं कोरडी हवीत. दिवाळीनंतर पाणी कमी करत न्यावं, थंडीत आठवड्यातून दोनदा पुरे. हा कोरडा विसावा चुकला तर पानं छान वाढतात आणि फूल येत नाही. बोअरच्या जड पाण्याने मुळांवर पांढरा थर धरतो, म्हणून पागोळीचं पाणी पिंपात साठवून ठेवलेलं बरं. खत वाढीच्या दिवसांतच, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या पाव हिश्शाने, आणि आधी मुळं साध्या पाण्याने भिजवून. गोव्यात, कोकणात खरा शत्रू गोगलगाय. ती रात्री येऊन मुळांची हिरवी टोकंच खाते. बॅटरी घेऊन हाताने वेचणं हाच उपाय मी करतो.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या मंडळींचा प्रश्न वेगळा. तिथे पाऊस त्रास देत नाही, कोरडी हवा देते. पन्नास टक्के सावलीची जाळी, खाली पाण्याने भरलेलं पसरट घमेलं किंवा ओल्या विटा, आणि लूच्या दिवसांत दोन-तीनदा फवारा. ग्वाल्हेरला पारा दहाच्या खाली जातो तेव्हा रोप घरात खिडकीशी आणावं, म्हणून तिथे झाडावर न बांधता ओंडक्यावरच बांधावं. बेळगाव-खानापूरकरांना काहीच करायला नको, त्यांची हवा हिच्या माहेरचीच आहे.

फुलांचा दांडा निघतो तो पानाच्या बगलेतून, वैशाखाच्या सुमारास, आणि खाली वळत जातो. त्याला आधार देऊन सरळ करू नका. एका घोसात शंभराहून अधिक फुलं असू शकतात. पांढरी, जांभळट-गुलाबी ठिपक्यांची, आणि ती साधारण दोन आठवडे टिकतात. फुलं गळल्यावर एखाद-दुसरं बोंड धरलं तर धरू द्या. नवीन रोपावर मात्र बोंड ठेवू नये, त्याची सगळी ताकद त्यात जाते. पिकायला कित्येक महिने लागतात, मग ते उभं तडकतं आणि बी वाऱ्यावर जातं. माझ्या आंब्यावरच्या एका रोपाचं बोंड असंच तडकलं. त्यातलं काही शेजारच्या फणसावर रुजलंय का, हे पाहायला मी दर पावसाळ्यात शिडी लावतो. गेल्या वर्षी दक्षिणेकडच्या फांदीवर, शेवाळात, नखाएवढी दोन पानं दिसली. टोकाला खाच आहे की नाही हे कळायला अजून दोन-तीन पावसाळे जावे लागतील.